कल्याणनगरीचे नवे कसबी

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेलगतचे मंठाळ हे आज बसवकल्याण तालुक्यातील एक गाव होय. मराठी, कानडी आणि दखनी या तिन्ही भाषा या मुलखात एकाच माणसाच्या तोंडी सहज येतात. या परिसराच्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटणारी हकिगत मात्र राजवंशांची नाही. प्रौढ वयात जुनी वृत्ती टाकून नवे हत्यार हाती घेणाऱ्या माणसांची आहे.

चालुक्य पहिल्या सोमेश्वराने अकराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, राजधानी केली आणि सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने येथेच विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ सिद्ध झाली, हे वैभव सर्वश्रुतच आहे. पुढे बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कलचुरी बिज्जलाच्या अमदानीत, त्याच्याच खजिन्याचा कारभार पाहणाऱ्या बसवेश्वरांभोवती शरणांचा, म्हणजे शिवभक्तांचा, जो मेळा जमला, त्याने एक साधा पण दुर्धर नियम घालून घेतला: प्रत्येकाने स्वतःच्या कष्टाने मिळवावे, आणि गरजेपुरते ठेवून बाकीचे दासोहात, म्हणजे सर्वांच्या पंक्तीसाठी द्यावे. या कष्टालाच ते कायक म्हणत. जन्माने हाती आलेलेच काम करावे असा ज्या समाजाचा दंडक होता, तेथे काम निवडून घेता येते हा विचारच क्रांतिकारक होता.

परंपरा सांगते की मोळिगेय मारय्या हा मूळचा काश्मीरचा राजा. बसवेश्वरांची कीर्ती ऐकून राणीसह तो कल्याणास आला आणि रानातील लाकडाच्या मोळ्या विकून गुजराण करू लागला. किन्नरी बोम्मय्याने सोनारकी सोडून किन्नरी हे तंतुवाद्य वाजवण्याचे कायक पत्करले. आणि आपल्या नांदेडकडील कंधारशी ज्याचे नाव निगडित आहे तो उरिलिंगपेद्दी, पूर्वायुष्यातील चोरी टाकून, विद्येच्या बळावर गुरुपदाला पोहोचला. या आख्यायिकांतील अक्षरन्‌अक्षर इतिहास आहे असा दावा कोणी करू नये; तथापि एखादा समाज कोणत्या कथा जपतो यावरून त्याला काय पूज्य वाटते ते कळते, आणि सिंहासन सोडून मोळी उचलणारा माणूस या मुलखाला आठशे वर्षे पूज्य वाटत आला आहे.

नुलिय चंदय्याचे कायक दोर वळण्याचे. बसवकल्याणच्या त्रिपुरांत तळ्याच्या परिसरात त्याच्या नावाची गुहा दाखवतात. गवत कापून आणावे, भिजवून कुटून मऊ करावे, दोन पदरांना एका दिशेने पीळ द्यावा आणि मग ते पदर उलट दिशेने एकमेकांत गुंफावेत, म्हणजे एकाचा पीळ दुसऱ्याला सुटू देत नाही: ऐकायला हे चार वाक्यांचे काम आहे, पण पीळ कोठे सैल पडला हे डोळ्यांना नव्हे तर तळव्याला कळावे लागते, आणि तळव्याला ते कळेपर्यंत पुष्कळ दोर वाया जातात. प्रौढ शिकाऊ माणसाची खरी अडचण येथेच असते. पोराचा दोर तुटला तर घर उपाशी राहत नाही. बापाचा तुटला तर राहते. दासोहाची पंक्ती हा अशा माणसाचा केवढा आधार असला पाहिजे, याचा विचार कायकाची थोरवी गाताना आपण फारसा करीत नाही. आयदक्की मारय्याने एकदा नेहमीपेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्याची पत्नी लक्कम्मा हिने ते परत नेऊन टाकावयास लावले, या कथेतही तोच हिशेब आहे: आपल्या वाट्यापलीकडचे धान्य दुसऱ्याचे असते.

ब्राह्मण मधुवरसाची कन्या आणि चर्मकार हरळय्याचा पुत्र यांच्या विवाहाने ११६७ च्या सुमारास जो प्रलय झाला, त्यात हा मेळा उधळला गेला.

पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात अहमदशाह वली बहमनीने गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, राजधानी बिदरला नेली, आणि इराणी वळणाचे बिदरी हे कसब येथील हातांत रुजले. बिदरीकामात जस्ताच्या सुमारे सोळा भागांस तांब्याचा एक भाग घेऊन वाळूच्या साच्यात भांडे ओततात, कानशीने घासतात, मोरचुदाच्या पाण्याने ते तात्पुरते काळे करतात, कारण काळ्यावर कलमाची रेघ स्पष्ट दिसते. मग नक्षी कोरून तीत चांदीची तार ठोकून बसवतात, जिला तारकशी म्हणतात. शेवटी किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या तापत्या द्रावणात भांडे बुडवले की जस्त कायमचे काळे होते आणि चांदी मात्र उजळ राहते. कोणती माती कामाची, हे कारागीर जिभेवर ठेवून ठरवतात. ही विद्या उस्तादाच्या शेजारी बसूनच येते. २००६ मध्ये बिदरीला भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२३ मध्ये बिदरचे शाह रशीद अहमद कादरी पद्मश्री झाले, त्यांनीही हे काम वडिलांच्याच हाताखाली आत्मसात केले.

सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई झाली आणि १५ ऑगस्ट १९४९ पासून, हा मुलूख ज्यात होता त्या हैदराबाद संस्थानातील जागिरी खालसा झाल्या. रयतेच्या दृष्टीने ते न्याय्यच झाले, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. जागिरींबरोबर बिदरीचे जुने गिऱ्हाईकही गेले: हुक्के, पानदाने, आफताबे मागवणारे दिवाणखाने ओस पडले, तेव्हा कारागिरांनी त्याच कलमाने फुलदाण्या, रक्षापात्रे आणि कोटाची बटणे घडवावयास घेतली. जागीरदारांच्या ड्योढ्यांवरील मुनशी, शिलेदार आणि हुजरे यांच्या हाती असे कोणतेच कलम नव्हते. १९५० चा मोबदल्याचा कायदा जागीरदार व त्यांचे हिस्सेदार यांच्यासाठी होता; चाळिशी उलटलेल्या मुनशीने नवा हुन्नर शिकेपर्यंत त्याच्या घरची चूल कशी पेटावी, हे ज्याचे त्यानेच पाहावयाचे होते.