वतन आणि वेतन

गांवगाड्याचा इतिहास लिहितांना पाटील-कुलकर्ण्यांच्या हक्कांचें वर्णन पुष्कळ होतें. मानपानाच्या तंट्यांनीं तर जुनीं दप्तरें भरलीं आहेत. परंतु हीं माणसें आपलें काम शिकत कोठें, आणि चुकल्यास त्यांना जाब विचारी कोण, या प्रश्नाकडे लक्ष थोडें कमीच जातें, असें आम्हांस वाटतें.

कुलकर्ण्याची शाळा म्हणजे त्याचें घर. बाप जमाखर्च लिहावयास बसला कीं मुलानें शेजारीं बसावें, बोरू तासावा, मोडीचें वळण गिरवावें, आणि कोणाकडे बाकी किती, कोणत्या शेताचा बांध कोठें, हें ऐकतां ऐकतां पाठ करावें. या शिक्षणास कमी लेखणें अन्यायाचें होईल. पिढ्यान् पिढ्या गांवचा हिशेब यानेंच सांभाळला. मात्र घरांत जन्मलेली ही विद्या घराबाहेर पडत नसे. कुणब्याच्या नांवें काय लिहिलें आहे तें कुणब्यास वाचतां येऊं नये, ही स्थिति सार्वत्रिक होती. जोतीराव फुल्यांनीं १८८३ मध्यें ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तो ती पाहूनच. इंग्रज सरकारनें १८७४ च्या वतन कायद्यानें या वंशपरंपरेस कलमांची चौकट दिली, पण ती मोडली नाहीं. वारस अज्ञान असला तर बदली गुमास्ता नेमावा, पण जागा घराण्याचीच!

कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं या प्रश्नास दोन बाजूंनीं हात घातला. पाटलाची गादी वंशाची राहिली, परंतु त्यानें काम शिकून यावें म्हणून १९११ च्या दिल्ली दरबाराच्या स्मरणार्थ पाटील शाळा काढली. कुलकर्ण्याच्या बाबतींत मात्र त्यांनीं वतनच काढून घेतलें आणि १९१८ मध्यें पगारी तलाठी नेमले. अस्पृश्य समाजांतील तरुणांनाही हें काम शिकवून त्या जागांवर घेतलें. कुलकर्णी मंडळींनीं मोठा गदारोळ केला. त्यांच्या बाजूसही एक खरी गोष्ट होती : बदलीवर येणाऱ्या पगारी माणसास गांवचे बांध आणि भाऊबंदक्या कशा कळाव्यात? ही अडचण आम्हांस खोटी वाटत नाहीं. पण जें ज्ञान एकाच घरांत कोंडलेलें असतें, त्याची पारख तरी कोणीं करावी? आमच्या मतें महाराजांचें खरें धाडस वतन काढण्यांत जितकें होतें, त्याहून अधिक नवीं माणसें शिकवून तयार करण्यांत होतें.

महाराची गोष्ट निराळी. त्याचें वतन नांवापुरतें, नोकरी मात्र अष्टौप्रहर. थोडी इनाम जमीन, रयतेकडून मिळणारें बलुतें आणि सरकारांतून किरकोळ रक्कम, एवढ्यावर सगळें कुटुंब राबे. घरचा कर्ता हजर नसला तर दुसऱ्यानें जावें. अशा नोकरास बढती कसली आणि शिक्षण कसलें? १९२८ मध्यें डॉ. आंबेडकरांनीं मुंबई कायदे कौन्सिलांत वतन कायद्याच्या दुरुस्तीचें बिल मांडलें; तें पार पडलें नाहीं, परत घ्यावें लागलें.

पुढें कायदे भराभर झाले. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें आणि महार वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं. मुलकी पाटलाचा अधिकार १ जानेवारी १९६३ पासून संपला, आणि पोलीस पाटलाची जागा १९६७ च्या कायद्याप्रमाणें नेमणुकीची झाली. चावडींतील दप्तर तलाठ्याच्या हातीं आलें, आणि त्याच्या मुलास त्या दप्तरावर कसलाही हक्क उरला नाहीं.