एक तार, अनेक संदेश
सिरिअल पोर्टचा वेग 'बॉड'मध्ये मोजतात, हे आपल्यातल्या संगणकवाल्यांना ठाऊकच आहे. हे नाव फ्रेंच तारखात्यातल्या एमिल बोदो यांचे. १८७४ साली त्यांनी एकाच तारेवरून अनेक तारमास्तरांचे संदेश पाठवण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. फिरणारा ब्रश प्रत्येकाच्या पट्टीवर क्रमाने येई, तेवढ्यात त्याचे एक अक्षर ५ खुणांत जाई. पलीकडचा ब्रश अक्षरे पुन्हा वेगळी करी. दोघांची गती जुळली नाही, तर एकाचा मजकूर दुसऱ्याच्या कागदावर! म्हणून तारमास्तराला टकटक ऐकत तालातच कळा दाबाव्या लागत; तबलजीच बरा. आज कारखान्यातले सॉफ्टवेअर एकाच केबलमधून आलेले तापमान आणि दाब वेगळ्या चॅनेलांत टाकते. तिथेही सुरुवातीची खूण निसटली, की दाबाच्या रकान्यात तापमान दिसते.