मद्यपी मोटारचालक : शिक्षा कीं उपचार?

दारू पिऊन मोटार हांकणारा मनुष्य न्यायासनापुढें उभा राहिला म्हणजे दोन प्रश्न निघतात. तो त्या वेळीं धुंदींत होता काय, हा पहिला. आणि तो नुसता अपराधी आहे कीं रोगीहि आहे, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर शास्त्रानें पुष्कळ सोपें केलें आहे. दुसऱ्याचा इतिहास मात्र बिकट आहे.

लंडन शहरीं १८९७ सालीं जॉर्ज स्मिथ नांवाच्या टॅक्सीवाल्यानें मद्याच्या अमलांत आपली गाडी एका इमारतीवर घातली व त्याला दंड झाला. त्याला लागू केलेला कायदा १८७२ चा, म्हणजे गाडी, घोडा, गुरें आणि वाफेचें इंजिन यांच्यापुरता केलेला होता! पुढच्याच वर्षीं पार्लमेंटानें अट्टल मद्यप्यांसाठीं निराळा कायदा केला. बारा महिन्यांत तीनदां नशेच्या गुन्ह्यांत दोषी ठरलेला मनुष्य चौथ्यांदा आला, तर त्याला तीन वर्षांपर्यंत सुधारगृहांत ठेवण्याची मुभा कोर्टाला मिळाली. म्हणजे रोगाचें निदान गुन्ह्यांच्या मोजदादीवर अवलंबून राहिलें. पहिल्या महायुद्धानंतर लवकरच हीं सुधारगृहें बंद पडलीं.

यापुढील प्रयत्न अमेरिकेंत झाले. इंडियाना विद्यापीठांतील रोला हार्गर यांनीं श्वासावरून मद्याचें प्रमाण दाखविणारें यंत्र तयार केलें. १९३९ सालीं इंडियाना संस्थानानें रक्तांत शेंकडा ०.१५ मद्य हा धुंदीचा पुरावा मानला. पुढें १९७० नंतरच्या दशकांत तेथील मध्यवर्ती सरकारनें ३५ ठिकाणीं योजना चालविल्या. त्यांत शिक्षा सांगण्यापूर्वीं आरोपीची छाननी होई. पूर्वीं अशी अटक झाली होती काय? दारूपायीं नोकरी किंवा संसार बिघडला आहे काय? रक्तांत मद्य किती होतें? येथेंहि ०.१५ हाच आंकडा घेतला गेला. जो पूर्वीं धुंदीचा पुरावा होता, तोच आतां व्यसनाचेंहि लक्षण ठरला.

परंतु आंकडा एका रात्रीचा, व्यसन वर्षांचें. म्हणून मिशिगन विद्यापीठांत कोर्टांकरितां एक प्रश्नावली व मुलाखत तयार करण्यांत आली. उत्तर देणाऱ्याचा परवाना पणाला लागलेला. तो दारूविषयीं खरें कशाला सांगेल? तेव्हां तींत चिंता, पैसा, घरांतील कलह यांविषयींचेहि प्रश्न घातले.

तरीहि धोका उरलाच. उपचाराला जातों असें म्हणून परवाना वांचविणारा मनुष्य दुसऱ्या दिवशीं पुन्हा रस्त्यावर येतो. उपचारांविषयींच्या अनेक पाहण्यांचा एकत्र विचार १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. उपचारानें पुनरपराध शेंकडा ७ ते ९ नें घटतो, असें त्यांत दिसलें. लाभ खरा, पण माफक. त्याच वर्षीं न्यू मेक्सिकोंत अशा चालकांसाठीं स्वतंत्र न्यायालय निघालें; तेथें उपचारावर पाठविलेल्याला न्यायाधीशापुढें वारंवार हजर व्हावें लागे.

या इतिहासावरून एवढें दिसतें कीं, उपचार हा परवाना काढून घेण्याचा मोबदला होऊं नये. रोग्यावर दया करावी. पण त्याच्या गाडीपुढून रस्ता ओलांडणाऱ्या अनोळखी मुलाच्या जिवावर ती करण्याचा अधिकार कोणत्याहि न्यायाधीशाला नाहीं.