बेचाळीस धावा आणि लोकक्षोभ

बेचाळीस हा आंकडा मराठी घरांत एके काळीं एकाच अर्थानें उच्चारला जात असे. "बेचाळिसांत तुम्ही कोठें होतां?" असें कोणीं विचारलें म्हणजे तो 'चले जाव'च्या चळवळीविषयीं बोलत आहे हें निराळें सांगावें लागत नसे. पुढें १९७४ च्या जून महिन्यांत त्याच आंकड्यास दुसरा एक अर्थ चिकटला. त्या महिन्याच्या २४ तारखेस लंडनच्या लॉर्ड्स मैदानावर भारताचा दुसरा डाव अवघ्या ४२ धावांत आटोपला. षटकें पडलीं सतरा. 'समर ऑफ फॉर्टी-टू' या अमेरिकन चित्रपटाचें नांव थट्टेखोरांनीं त्या साऱ्या दौऱ्यासच बहाल करून टाकलें. तो सामना कसा हरला गेला हें सांगणारे पुष्कळ आहेत. हरल्यानंतर लोक कसे वागले, आणि तसे कां वागले, याचा विचार मात्र 'लोक वेडे असतात' एवढ्यावर संपविण्यांत येतो. आम्हांस तो थोडा पुढें न्यावासा वाटतो.

आपल्या लोकांना पराभव सोसत नाहीं, असें सर्रास म्हटलें जातें. इतिहास पाहतां हें म्हणणें टिकत नाहीं. पराभव सोसण्याचा आपल्याइतका अभ्यास क्वचितच कोणीं केला असेल. १९३२ सालीं सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखालीं भारत आपला पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर खेळला व १५८ धावांनीं हरला. परंतु इंग्लंडचे पहिले तीन गडी १९ धावांत बाद केले होते, याचें कौतुक पुढें कित्येक वर्षें पुरलें. पहिला विजय हातीं लागला तो १९५२ च्या फेब्रुवारींत, मद्रासला, पंचविसाव्या सामन्यांत. वीस वर्षें वाट पाहणाऱ्या माणसांना अधीर म्हणणें हा अन्यायच होय.

त्याच वर्षाच्या जूनमध्यें लीड्स येथें जें घडलें, तें लॉर्ड्सच्या बेचाळिसापेक्षां कमी लाजिरवाणें नव्हतें. दुसऱ्या डावांत धावफलकावर धावा शून्य, आणि बाद झालेले गडी चार! पंकज रॉय, दत्ता गायकवाड, माधव मंत्री आणि पहिल्या डावांत १३३ धावा काढणारे विजय मांजरेकर हे चौघेही संघाची एकही धाव होण्यापूर्वीं परतले. त्यांतील तिघांना बाद करणारा फ्रेड ट्रूमन हा आपला पहिलाच कसोटी सामना खेळत होता. कर्णधार विजय हजारे व दत्तू फडकर यांनीं शंभरावर धावांची भागीदारी करून अब्रू कांहींशी सांवरली. जुलैंत मँचेस्टरला तर आपला संघ एकाच दिवसांत दोनदां बाद झाला, ५८ आणि ८२ धावांत. असें असूनही त्या उन्हाळ्याची गोष्ट निघाली कीं जुनीं माणसें लॉर्ड्सवरील विनू मांकडांच्या पराक्रमावर येत. त्या सामन्यांत मांकडांनीं ७२ व १८४ धावा काढल्या, शिवाय ९७ षटकें टाकलीं, आणि सामना अर्थातच आपण हरलों. १९५९ सालीं दत्ता गायकवाडांचा संघ इंग्लंडमध्यें पांचही कसोटी सामने हरून आला. हजारे किंवा गायकवाड यांच्या घरावर कोणीं दगड टाकल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं.

म्हणून तो काळ केवळ सज्जनांचा होता असें मात्र कोणीं समजूं नये. अब्बास अली बेग यांची हकीकत या ठिकाणीं सांगण्यासारखी आहे. १९५९ च्या त्याच दौऱ्यांत बेग यांनीं आपल्या पहिल्याच कसोटी सामन्यांत, मँचेस्टर येथें, ११२ धावा केल्या. १९६० च्या जानेवारींत मुंबईस ब्रेबोर्न स्टेडियमवर ते ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळत असतां एका तरुणीनें मैदानांत धांवत जाऊन त्यांचें चुंबन घेतलें, आणि त्या काळच्या मुंबईला ही गोष्ट बोलण्यास फार दिवस पुरली. त्याच वर्षाच्या अखेरीस पाकिस्तानचा संघ भारतांत आला. बेग यांच्या धावा होईनात. तेव्हां ते मुसलमान असल्यामुळें मुद्दाम बाद होत आहेत, असा आरोप करणारीं निनांवी पत्रें त्यांस येऊं लागलीं. ते संघांतून गेले, आणि पुढें अनेक वर्षें त्यांस कोणीं विचारलें नाहीं. दगड मारण्यास कांहीं शिकावें लागत नाहीं. पत्र लिहिण्यास अक्षर यावें लागतें, पत्ता ठाऊक असावा लागतो, तिकिटाचे पैसे मोजावे लागतात. चाहत्यांच्या अत्याचाराविषयीं बोलतांना आपण नेहमीं रस्त्यावरील टोळक्याकडे बोट दाखवितों, आणि टेबलाशीं बसून लिहिणाऱ्या हाताकडे आपलें लक्ष जात नाहीं.

असो. हजारे व गायकवाड यांस जें भोगावें लागलें नाहीं तें अजित वाडेकर यांस भोगावें लागलें, याचें कारण १९५९ व १९७४ यांच्या मध्यें १९७१ हें वर्ष येऊन गेलें होतें. त्या वर्षाच्या आरंभीं निवडसमितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मतानें पतौडींच्या जागीं वाडेकर कर्णधार झाले. मुंबईच्या माणसानें मुंबईच्या माणसास पुढें आणलें, अशी कुजबुज तेव्हांच सुरूं झाली होती. यशानें ती कांहीं काळ थांबली. वेस्ट इंडीजमध्यें सुनील गावसकर या एकवीस वर्षांच्या मुलानें चार सामन्यांत ७७४ धावा काढल्या, मडगांवच्या दिलीप सरदेसाईंनीं ६४२, आणि मालिका आपण जिंकली. ऑगस्टांत ओव्हलवर चंद्रशेखर यांनीं ३८ धावांत सहा गडी बाद करून इंग्लंडचा डाव १०१ धावांत गुंडाळला, आणि इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी विजय व पहिला मालिकाविजय हे दोन्ही एकाच दिवशीं पदरांत पडले. गणेशचतुर्थीचें निमित्त साधून मैदानावर एक हत्तीणही फिरविण्यांत आली होती. संघ मुंबईस परतल्यावर मिरवणूक निघाली, हारतुरे झाले. इंदूरला तर विजयी खेळाडूंचीं नांवें कोरलेली सिमेंट-काँक्रीटची एक प्रचंड बॅटच उभारण्यांत आली! पंधरा-सोळा महिन्यांनीं टोनी लुईस यांचा इंग्लिश संघ भारतांत आला आणि दोन विरुद्ध एक सामन्यानें हरून गेला. लागोपाठ तीन मालिका जिंकल्यावर आपण जगांत श्रेष्ठ आहों, असें आपल्याकडील शाळकरी पोरेंही म्हणूं लागलीं.

ओव्हलविषयींची एक आख्यायिका त्या दिवसांत फार आवडीनें सांगितली जाई. शेवटच्या दिवशीं सकाळीं वाडेकर धावबाद होऊन परतले, खोलींत जाऊन झोंपीं गेले, आणि भारत जिंकल्याची वार्ता त्यांस इंग्लंडचे जुने खेळाडू केन बॅरिंग्टन यांनीं उठवून सांगितली. केवढा हा आत्मविश्वास, असें ऐकणारे म्हणत. मितभाषी, संथ, चेहऱ्यावर कांहीं न उमटूं देणारा असा हा गृहस्थ होता. तीन वर्षांनीं हा माणूस बदलला नव्हता. पण हरणाऱ्या कर्णधाराच्या झोंपेस कोणी आत्मविश्वास म्हणत नाहीं. जी शांतता स्थितप्रज्ञाची वाटत होती तिलाच आतां आळस व बेफिकिरी हीं नांवें मिळालीं.

विजयाच्या आनंदांत आणखी एक गोष्ट सगळे सोयिस्करपणें विसरले होते. १९७१ सालीं ओव्हलच्या आधीं जो मँचेस्टरचा सामना झाला तो पावसानें वांचविला होता. जिंकण्यास ४२० धावा हव्या होत्या, ६५ धावांत तीन गडी गेले होते, आणि शेवटचा दिवस पावसानें धुवून नेला. तो दिवस कोरडा जाता तर ओव्हलला काय झालें असतें, हा प्रश्न कोणीं विचारला नाहीं. आणि विचारणारास देशद्रोहीच ठरविलें गेलें असतें.

खेळाच्या दृष्टीनें पाहिलें तर १९७४ चें कोडें मुळींच अवघड नाहीं. आपल्या खेळपट्ट्या संथ. नवा चेंडू आपल्याकडे आबिद अली, सोलकर यांसारख्या मध्यमगती गोलंदाजांच्या हातीं दोन-चार षटकें जाई, तोही बहुधा त्यावरील चकाकी उतरविण्यापुरता. मग बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर यांचें राज्य सुरूं होई. हवेंत वळणारा, अंगावर उसळणारा नवा चेंडू आपल्या फलंदाजांस घरीं पाहावयासही मिळत नसे. त्यांत दौरा इंग्लिश उन्हाळ्याच्या पूर्वार्धांत, थंडीपावसांत. मँचेस्टरला गावसकरांनीं अशा हवेंत १०१ व ५८ धावा केल्या, यापेक्षां मोठी खेळी त्या दौऱ्यांत झाली नाहीं. सामना ११३ धावांनीं गेला. लॉर्ड्सवर इंग्लंडनें ६२९ धावा रचल्या. आपण ३०२ करून पुन्हां खेळावयास उतरलों, रविवार विश्रांतीचा गेला, आणि सोमवारीं सकाळीं आर्नोल्ड व ओल्ड यांनीं नऊ गडी आपसांत वांटून घेतले. अंगठा दुखावलेले चंद्रशेखर खेळण्यास आलेच नाहींत. ४२ पैकीं १८ धावा एकट्या एकनाथ सोलकरांच्या, आणि ते नाबाद राहिले. हिंदु जिमखान्याच्या मैदानाची निगा राखणाऱ्या माळ्याचा हा मुलगा. ओल्डला त्यानें त्या पडझडींत एक षटकारही मारला. बाकी कोणासही दोन आंकडी धावसंख्या गांठतां आली नाहीं. बर्मिंगहॅमला सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर गावसकर बाद झाले, आणि इंग्लंडनें दोन गड्यांच्या मोबदल्यांत ४५९ धावा केल्या. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं. संघांत एकोपा नव्हता ही गोष्ट पुढें लपून राहिली नाहीं. लंडनमधील भारतीय उच्चायुक्तांच्या समारंभास संघ उशिरा पोहोचल्यामुळें त्यास अपमान होऊन परतावें लागलें, ही बातमीही इकडे येऊन पोहोचली.

संथ खेळपट्ट्या, जलद गोलंदाजांचा अभाव, दौऱ्याची आंखणी, यांवर जर त्या वेळीं लोक तुटून पडले असते, तर आम्हीं त्यांस दोष दिला नसता. पैसे देऊन तिकीट काढणारास, आणि न काढतां कानाशीं ट्रान्झिस्टर धरणारासही, रागावण्याचा अधिकार आहे. पण हे सर्व दोष १९७१ सालींही जसेच्या तसे होते, आणि त्या वेळीं ते कोणास दिसले नव्हते. व्यवस्थेवर दगड मारतां येत नाहीं. माणसाच्या खिडकीवर मारतां येतो. लॉर्ड्सचा तो डाव लंडनमध्यें दुपारच्या जेवणापूर्वींच संपला, म्हणजे आपल्याकडे कचेऱ्या सुटण्याच्या वेळेस. ती वार्ता ज्यानें ऐकली तो चाकरमाना काय मनःस्थितींत होता, हेंही लक्षांत घेतलें पाहिजे. १९७२ च्या दुष्काळांतून महाराष्ट्र नुकताच उठत होता, महागाईनें कंबर मोडली होती, आणि मे महिन्यांत देशभर रेल्वेचा संप होऊन गेला होता. ज्या घरांत रॉकेल व साखर यांच्या रांगेंत सकाळ जात असे, त्या घरांत गावसकरांचें शतक ही एकच वस्तु बिनपैशाची व बिनरांगेची होती. तीही गेली.

वाडेकरांच्या मुंबईंतील घरावर दगड पडले. इंदूरची ती बॅट, जिच्यावर त्याच खेळाडूंचीं नांवें होतीं, विद्रूप करण्यांत आली. या दोन गोष्टी सर्वत्र सांगितल्या जातात. आमच्या मतें तिसरी गोष्ट त्यांहून जड आहे, आणि ती करणारे कोणी रस्त्यावरचे पोर नव्हते. त्याच वर्षीं दुलीप करंडकासाठीं पश्चिम विभागाचा संघ निवडतांना वाडेकरांस वगळण्यांत आलें. देशाचें कर्णधारपद काढून घेणें समजूं शकतें. परंतु ज्याच्या नेतृत्वाखालीं तीन मालिका जिंकल्या, तो डावखुरा फलंदाज तीन सामन्यांत आपल्या विभागाकडून खेळण्यासही नालायक झाला, हें कोणत्या तर्कानें? दगडानें कांच फुटते आणि दुसऱ्या दिवशीं बसवितां येते. वाडेकरांनीं खेळ सोडला आणि स्टेट बँकेंतील आपल्या नोकरीकडे ते अधिक लक्ष देऊं लागले. तेव्हां त्यांचें वय तेहतीस होतें.

लॉर्ड्सचा नीचांक सेहेचाळीस वर्षें टिकला. १९ डिसेंबर २०२० रोजीं अ‍ॅडलेड येथें आपला डाव ३६ धावांत संपला. या वेळीं तर एकाही फलंदाजास दोन आंकडी धावसंख्या गांठतां आली नाहीं, सोलकरासारखाही कोणी निघाला नाहीं. त्या सायंकाळीं संघाची जी निर्भर्त्सना झाली तिला सुमार नव्हता. आणि पुरता महिना झाल्यावर, १९ जानेवारी २०२१ रोजीं, त्याच दौऱ्यांत ब्रिस्बेनला मालिका जिंकल्यावर आरत्या ओवाळणारे बहुतेक तेच होते. २०२४ च्या नोव्हेंबरांत वानखेडेवर १४७ धावांचें लक्ष्य असतां १२१ धावांत बाद होऊन आपण न्यूझीलंडकडून तिन्ही सामने हरलों. त्या सामन्यांत अकरा गडी बाद करणारा एजाझ पटेल हा मुंबईंतच जन्मलेला, आणि तरीही प्रेक्षकांनीं त्याच्या गोलंदाजीस दाद दिली, एवढें येथें नोंदवून ठेवण्यास हरकत नाहीं.

वाडेकर पुढें भारतीय संघाचे व्यवस्थापक झाले, आणि १९९३ सालीं त्यांच्या देखरेखीखालीं खेळणाऱ्या संघानें भारतांत आलेल्या इंग्लंडला तिन्ही सामन्यांत हरविलें. १५ ऑगस्ट २०१८ रोजीं ते मुंबईंत वारले. त्यांच्यावरील मृत्युलेखांचे मथळे १९७१ चे होते.