योसेफ कारो यांची 'मग्गिद मेशारिम' : प्रामाण्याचा विचार

धर्मशास्त्राचा निबंधकार आणि दिव्य वाणी ऐकणारा साधक हे दोघे एकच पुरुष असूं शकतात काय, हा प्रश्न यहुदी वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढें एका लहानशा ग्रंथानें उभा केला. त्या ग्रंथाचें प्रामाण्य येथें तपासण्याचें आम्हीं योजिलें आहे.

योसेफ कारो यांचा जन्म इ. स. १४८८ मधला. १४९२ त स्पेनमधून यहुद्यांची हकालपट्टी झाली, तेव्हां ते बालवयांत होते. पुढें तुर्की राज्यांत असतां १५२२ त त्यांनीं 'बेत योसेफ' हा विस्तृत निबंध आरंभिला. त्यास वीस वर्षें लागलीं. त्याचें सार म्हणजे 'शुल्हान आरूख'. तो १५६५ त व्हेनिस येथें छापला गेला व आचारधर्मांत आजहि प्रमाण मानितात.

'मग्गिद मेशारिम' ही त्यांची दैनंदिनी मात्र १६४६ त, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर ७१ वर्षांनीं, लुब्लिन येथें प्रसिद्ध झाली. मिश्नेचा पाठ चालला असतां तीच मिश्ना वाणी होऊन कारोंच्या मुखांतून बोले, मांस व मद्य बेताचें ठेवण्यास सांगे, आणि अध्ययनांत चित्त ढळल्यास रागें भरे, असें तींत आहे. एवढ्यावरून कांहीं पंडितांनीं ती बनावट ठरविली.

आम्हांस तें मत ग्राह्य वाटत नाहीं. पहिलें कारण, शावुओत सणाच्या रात्रीं मंडळी जागून अध्ययन करीत असतां ही वाणी आपण ऐकिली, असें शलोमो अल्काबेझ पत्रांत लिहितात. तें पत्र येशाया होरोविट्स यांनीं आपल्या ग्रंथांत उतरून घेतलें आहे. आणि होरोविट्स १६४६ पूर्वींच वारले होते. दुसरें, १५३२ त मांतुआ येथें जाळल्या गेलेल्या शलोमो मोल्खोप्रमाणें तुलाहि अग्नींत हौतात्म्य येईल, असें ती वाणी आश्वासन देते. परंतु कारो १५७५ त सफेद येथें वृद्धापकाळीं वारले. मागाहून लिहिणारा बनावटकार खोटें ठरलेलें भविष्य कशास घालील? १९६२ त वेर्ब्लोव्स्की यांनींहि सविस्तर चिकित्सेअंतीं दैनंदिनी खरीच ठरविली.

मात्र छापील प्रत साप्ताहिक तोरा-पाठांच्या क्रमानें लाविलेली आहे. तीवरून कालक्रम बसवितांना सावधगिरी हवी.

सारांश, कारोंची वाणी शास्त्राबाहेरून आली नाहीं. घोकलेल्या वचनांतूनच ती उमटली. त्यांच्या ठायीं पठण हीच साधना होती. निबंधकार व साधक असे दोन कारो कल्पिण्याचें कारण उरत नाहीं.