कर्लिंगपटूला उत्तेजकांची गरज काय?

उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात सायकलपटू, वेटलिफ्टर किंवा धावपटू सापडला तर क्रीडारसिकांना फारसे नवल वाटत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत दक्षिण कोरियातील प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये कर्लिंगचा एक खेळाडू चाचणीत दोषी आढळला, तेव्हा मात्र अनेकांना प्रथम हसू आले. बर्फावर दगड सरकवणाऱ्याला औषध कशाला हवे, असा प्रश्न सहकारी खेळाडूंनीही विचारला.

कर्लिंगमध्ये सुमारे १८ ते २० किलो वजनाचा ग्रॅनाइटचा घडीव दगड बर्फावरून सरकवत दूरच्या वर्तुळाच्या मध्याजवळ न्यायचा असतो. प्रतिस्पर्ध्याचा दगड टोलवून बाहेरही घालवता येतो. कॅरमची सवय असलेल्यांना हे डावपेच लगेच उमजतील. दगड सरकत असताना त्याच्या पुढचा बर्फ ब्रशने जोर लावून घासला जातो. त्यामुळे घर्षण कमी होऊन दगड अधिक दूर व अधिक सरळ जातो. हे घासणे पाहणाऱ्याला वाटते त्याहून बरेच दमवणारे आहे. मिश्र दुहेरीत संघात दोघेच असल्याने हा भार वाटून घ्यायलाही कोणी नसते.

मिश्र दुहेरीचा ऑलिंपिकमध्ये समावेश प्योंगचांगलाच प्रथम झाला. तेथे अलेक्झांडर क्रुशेल्निस्की आणि त्यांच्या पत्नी अनास्तासिया ब्रिझगालोवा या रशियन जोडीने १३ फेब्रुवारीला नॉर्वेला हरवून कांस्यपदक मिळवले. काही दिवसांतच क्रुशेल्निस्की यांच्या नमुन्यात मेल्डोनियम आढळल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या नमुन्यानेही त्यावर शिक्कामोर्तब केले.

मेल्डोनियम हे मूळचे लाटवियातील, हृदयविकारावरील औषध. १ जानेवारी २०१६ पासून त्यावर बंदी आहे. त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये टेनिसपटू मारिया शारापोवा याच औषधामुळे अडचणीत आल्या होत्या. क्रुशेल्निस्की यांनी आपण ते जाणूनबुजून घेतल्याचा इन्कार केला आणि रशियन गोटातून घातपाताची शंका व्यक्त झाली. परंतु शरीरात काय सापडते याची जबाबदारी खेळाडूचीच, असा उत्तेजकविरोधी नियमांचा दंडक आहे. क्रीडा लवाद न्यायालयाने २२ फेब्रुवारीला या जोडीचा निकाल रद्द ठरवला. पुढे डिसेंबरमध्ये क्रुशेल्निस्की यांच्यावर चार वर्षांची बंदी घालण्यात आली.

या निर्णयाची झळ एका जोडीपुरती राहिली नाही. सोचीतील गैरप्रकारांमुळे रशियाची ऑलिंपिक समिती तेव्हा निलंबित होती आणि तिचे खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली उतरले होते. समारोपात स्वतःच्या ध्वजासह चालण्याची त्यांना आशा होती. बॉबस्लेपटू नादेझ्दा सेर्गेयेवा याही दुसऱ्या एका द्रव्यासाठी दोषी आढळल्या आणि ही परवानगी नाकारण्यात आली.

कर्लिंगला हा विषय तसा अगदीच नवा नव्हता. २०१० च्या व्हँकुव्हर पॅरालिंपिकमध्ये व्हीलचेअर कर्लिंगमधील स्वीडनचे ग्लेन इकोनेन यांच्या नमुन्यात मेटोप्रोलॉल हे रक्तदाबावरचे औषध सापडले होते. व्हीलचेअर कर्लिंगमध्ये बर्फ घासायचा नसतो; हात स्थिर असणे एवढेच महत्त्वाचे. मेटोप्रोलॉलसारखी औषधे हृदयाची धडधड व हाताचा कंप कमी करतात. नेमबाजीतही ती याच कारणाने निषिद्ध आहेत. ‘उत्तेजक’ हा आपला रूढ शब्द येथे तोकडाच पडतो, कारण अशा औषधांचे काम नेमके उलटे असते. निवांत दिसणारा खेळ औषधांपासून दूर असतो, हा समज येथे खोटा ठरतो.

रद्द झालेले कांस्यपदक नॉर्वेच्या क्रिस्टिन स्कास्लिएन आणि मॅग्नस नेड्रेगोटेन यांच्याकडे गेले. सामना हरल्यानंतर अकरा दिवसांनी, २४ फेब्रुवारीला, ते त्यांच्या गळ्यात पडले. विजयाचा क्षण मात्र आधीच दुसऱ्यांनी साजरा केला होता. चार वर्षांनी, २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच जोडीने मिश्र दुहेरीचे रौप्यपदक जिंकले.