मातीचा हिशेब

जमिनीची खोली मोजायची रीत आमच्या वऱ्हाडात कोळशाच्या आधीची. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्यातली मोजणी इकडे आली. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी बसवलेली, १८४७ च्या अहवालात पक्की केलेली. माती हातानं मापायची. चांगली काळी पावणेदोन हात खोल निघाली तर सोळा आणे, एक हात निघाली तर दहा आणे. त्यात चुनखडी, वाळू, उतार असला की आणखी घट. हे सगळं सारा वसूल करायसाठी होतं, आमच्या भल्यासाठी नाही. पण एकाच वावराचे भाग पाडून जागोजागी माती पाहत, एवढं मानलंच पाहिजे.

आमच्या शिवारात कोळशाची खुली खाण आली तेव्हा ठरलं होतं की वरची काळी माती वेगळी काढायची, ढीग लावून ठेवायची आणि पुढं भरावावर पसरायची. चांगली गोष्ट. पण कागदावर साऱ्या शिवाराची खोली एकच धरली, एक फूट. माझ्या वावरात नाल्याच्या अंगाला काळी तीन फुटांच्या खाली जायची आणि बरडाकडे वीतभरही नसायची. विहीर खोदताना, धुऱ्यावर खांब गाडताना हे डोळ्यानं पाहिलेलं.

आता हिशेब बघा. एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. फूटभर माती काढली तर ४३५ ब्रास. नाल्याकडे तीन फूट धरा, म्हणजे १,३०० ब्रासच्या वर. तिथं फुटावरच डोजर थांबला तर एकरी ८७० ब्रास काळी माती खालच्या मुरमासंगं ओबीच्या डोंगरात गेली. उलट बरडावर फूट पुरा करायला डोजरनं मुरूम खरवडला आणि तो काळ्या मातीत कालवला. सरासरी मात्र बरोबर!

दुसरी मेख डंपरच्या खेपांत. खोदलेली माती फुगते, हे विहीर खोदणाऱ्या कोणालाही विचारा. जागेवरची शंभर ब्रास मोकळी झाली की सव्वाशेच्या घरात जाते. खेपा मोजून ४३५ ब्रास लिहिले तर जागेवरची माती निघाली ३४८ च्या आसपास. उरलेली ८७ वहीत आहे, ढिगात नाही. वरून पावसात धुपून जाते ती वेगळी. अन् ओल्या काळ्या मातीवर जड गाडी फिरली की तिची वीट होते. ती मापात भरते, पण पराटीचं मूळ तिच्यात शिरत नाही.

हे सगळं वहीत मांडून मी मोजणीवाल्या पोराला दाखवलं. पोरगं भलं होतं. म्हणालं, "काका, गणित खरं आहे, पण फॉर्मात खोलीचा रकाना एकच आहे."

पुढच्या टप्प्यात जमिनी जायच्या होत्या त्या लोकांना मी एकच सांगितलं. डोजर यायच्या आधी वावरात तीन-चार ठिकाणी खड्डे घ्या, नाल्याकडे, मधात आणि बरडाकडे. टेप लावा, खोली लिहा, त्यांची सही घ्या. काहींनी घेतली. दोघातिघांच्या कागदावर पहिल्यांदा एका वावराच्या तीन खोल्या लिहिल्या गेल्या. रकाना नव्हताच, म्हणून समासात.